खाडीचा गाळ आणि ताटातलं म्हावरं

ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीचे काठ दूरवर उघडे पडतात. ऐरोलीच्या किंवा दिवाळ्याच्या बाजूला उभे राहिले तर समोर करडा, चकाकणारा चिखल दिसतो. त्यावर निवट्या उड्या मारत असतात, थंडीत रोहितांचे थवे उतरलेले असतात, आणि गुडघाभर चिखलात रुतून कुणी चिंबोऱ्यांची बिळे धुंडाळत असते. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. हाच चिखल गेल्या साठेक वर्षांच्या कारखानदारीची साठवणही आहे. पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, जस्त असे धातू सांडपाण्याबरोबर आले. पाणी समुद्राला मिळाले, धातू मात्र बऱ्याच अंशी इथेच बसले.

या साठवणीची भीती किती बाळगायची, यावर एकमत नाही. खाडीकाठचे कोळी सांगतात की मासळीला रॉकेलचा वास येतो आणि पूर्वीसारखे जाळ्यात काही लागत नाही. प्रयोगशाळेतला अभ्यासक गाळातल्या धातूंचे आकडे मांडतो. आहारतज्ज्ञ मासळीतल्या प्रथिनांची आणि ओमेगा-३ची आठवण करून देतो. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, पण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात असे नाही. रॉकेलसारखा वास येतो तो तेलाचा आणि फिनॉलसारख्या रसायनांचा. धातूंना वास नसतो. ज्या माशात पारा अधिक आहे तो मासा ताजा, घट्ट आणि चवीला उत्तमच लागतो. म्हणूनच या प्रश्नात नाक-जिभेची साक्ष फारशी उपयोगाची नाही, मोजमापच लागते. त्या मोजमापाचे काय झाले आहे आणि काय व्हायचे राहिले आहे, हे पाहायला हवे.

मिनामाताची सावली

या विषयावरची कोणतीही चर्चा जपानमधल्या मिनामाता गावाशी येऊन थांबते. तिथल्या रासायनिक कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनत होते आणि त्यासाठी पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. सांडपाणी थेट उपसागरात जात होते. १९५०च्या दशकात गावातल्या मांजरी विचित्र झटके येऊन मरू लागल्या. मग माणसांची पाळी आली. हातपाय बधिर होणे, तोल जाणे, नजर आणि वाचा जाणे अशी लक्षणे दिसू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या या अनोळखी आजाराची आरोग्य केंद्राला खबर दिली. कारण सेंद्रिय पारा आहे हे कुमामोतो विद्यापीठाच्या गटाने १९५९ मध्ये सांगितले. सरकारने ते मान्य केले सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे ती उत्पादन पद्धत बंद झाल्यानंतर काही महिन्यांनी. पुढे दोन हजारांहून अधिक लोकांना अधिकृत रुग्ण म्हणून मान्यता मिळाली. मान्यता न मिळालेल्यांचे दावे त्याच्या कितीतरी पट होते.

मिनामाताने जगाला दोन गोष्टी शिकवल्या. गर्भवतीला स्वतःला फारसा त्रास नसतानाही वार ओलांडून गेलेला पारा पोटातल्या बाळाचा मेंदू उद्ध्वस्त करू शकतो, ही पहिली. समुद्रात सोडलेली वस्तू पातळ होऊन नाहीशी होते हा समज चुकीचा आहे, ही दुसरी. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी गाळात किलोमागे हजारो मिलिग्रॅम पारा सापडला होता.

मात्र मिनामाताचे उदाहरण जसेच्या तसे इतरत्र लावताना एक फरक हटकून सुटतो. तिथल्या उत्पादन प्रक्रियेतच मिथाइल मर्क्युरी तयार होत होते, म्हणजे पाऱ्याचे सर्वांत घातक रूप नळातूनच बाहेर पडत होते. मुंबईच्या खाड्यांत जो पारा आला तो मुख्यतः असेंद्रिय. त्याचे मिथाइल रूपात रूपांतर व्हायचे तर ते गाळातल्या जीवाणूंकडून, आणि थोड्या अंशानेच. म्हणून ‘ठाण्याची खाडी म्हणजे दुसरे मिनामाता’ असे विधान शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. त्याचबरोबर मिनामातासारखी लक्षणे दिसत नाहीत म्हणून सारे आलबेल आहे, हेही त्यावरून सिद्ध होत नाही. आजची खरी चर्चा या दोन टोकांच्या मधल्या जागेत चालू आहे.

ठाणे, उल्हास आणि खालचा किनारा

उल्हास नदी कर्जतच्या डोंगरांतून निघते, बदलापूर-कल्याण-डोंबिवलीवरून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने ठाण्याच्या खाडीशी जोडलेली आहे. या दोन्ही पाण्यांच्या काठी स्वातंत्र्यानंतर राज्यातली सर्वांत दाट रासायनिक कारखानदारी उभी राहिली. शहाड, मोहने-आंबिवलीकडे रेयॉन, उल्हासनगर-अंबरनाथ-डोंबिवलीत रंग आणि रसायने, खाडीच्या पूर्वेला १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्टा.

रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. त्या काळी तो पाऱ्याच्या घटात बनवला जाई. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची, सुटलेले सोडियम खाली वाहणाऱ्या पाऱ्यात विरघळवायचे, मग त्यावर पाणी सोडून कॉस्टिक मिळवायचे. पारा परत वापरला जातो, पण धुण्याच्या पाण्यात, मिठाच्या लगद्यात आणि हवेत थोडा थोडा सुटतोच. रोजची ही गळती वर्षानुवर्षे साचत गेली.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी हा माग लवकर घेतला. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावरचा त्यांचा निबंध १९८१ मध्ये ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’मध्ये आला. त्याच नियतकालिकात २००३ मध्ये उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ही खाडी देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्वाधिक पाराग्रस्त खाड्यांत गणली जाऊ लागली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभ्यासकांनी मुंबई बंदराच्या गाळाचे उभे स्तंभ काढून त्यांचे वय ठरवण्याचे काम केले. त्यासाठी निसर्गतः बसणाऱ्या शिसे-२१० या किरणोत्सारी अणूचा उपयोग होतो. त्याचे प्रमाण सुमारे २२ वर्षांत निम्मे होते, त्यामुळे कोणता थर कधी बसला ते सांगता येते. अशा स्तंभांतून गाळ ही एक रोजनिशीच होते. कारखाना सुरू झाला ते वर्षही तीत सापडते आणि नळ बंद झाला तेही.

आणि नळ काही प्रमाणात खरोखर बंद झाले. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून थांबले. कॉस्टिक उद्योगाने पारा सोडावा असे २००३ च्या केंद्रीय कृतिआराखड्यात ठरले. मुदती वाढत गेल्या, पण पुढच्या दशकभरात बहुतेक कारखाने पारा न लागणाऱ्या मेम्ब्रेन पद्धतीवर गेले. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने तो जून २०१८ मध्ये स्वीकारला. नवा पारा कमी झाला. जुना पारा गाळात आहे.

इतर ठिकाणांचे चित्र थोडक्यात असे. कारवारजवळच्या बिणगे उपसागरात आणि ओडिशातल्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी क्लोर-अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, कारखान्यांमुळे पाऱ्याचाच प्रश्न आला. गोव्यात मांडवी आणि जुवारीवर लोहखनिजाच्या बार्ज धावत, त्यामुळे तिथल्या गाळात लोह आणि मँगनीज भरले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा एक मोठा नैसर्गिक प्रयोगच घडून आला, कारण स्रोत अचानक बंद झाल्यावर गाळ किती वेगाने सावरतो हे तिथे पाहता आले. तारापूर, पाताळगंगा, महाडजवळची सावित्री, लोट्याखालची दाभोळ खाडी इथले मच्छीमार रासायनिक सांडपाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे करत आहेत. तारापूरचे प्रकरण तर मांगेला समाजाच्या परिषदेने हरित लवादापुढे नेले. या तक्रारींत धातू, आम्ल, सेंद्रिय रसायने सगळे मिसळलेले असते. मासे मेले तर त्याचे कारण बहुधा प्राणवायूचा अभाव किंवा तीव्र आम्ल असते. धातू असे एका रात्रीत मारत नाहीत.

गाळ धातूला धरतो कसा

मातीचा कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग मोठा. खाडीत नदीचे गोडे पाणी खाऱ्याला भेटते तेव्हा चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. जाताना पाण्यातले धातू कवटाळून नेतात. सेंद्रिय पदार्थ, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडची पुटे आणि प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलातली सल्फाइडे हे धातूंचे तीन मोठे पकडदार. खाजणातल्या तिवरांची मुळे गाळ अडवतात, म्हणून तिवरांखाली धातूही जास्त. तिवरे प्रदूषण ‘शोषून संपवतात’ असे बोलले जाते, पण धातू संपत नाही. त्याची जागा ठरते, एवढेच.

इथे अभ्यासकांतला पहिला मोठा मतभेद येतो. एका गटाची पद्धत अशी की गाळ वाळवायचा, तीव्र आम्लात विरघळवायचा, एकूण धातू मोजायचा आणि ठरलेल्या सूत्रांत घालायचा. जर्मन भूवैज्ञानिक म्युलर यांचा १९६९ चा भू-संचय निर्देशांक, स्वीडनच्या हाकानसन यांचा १९८० चा पर्यावरणीय जोखीम निर्देशांक, आणि अमेरिकी समुद्री जीवांवरच्या चाचण्यांतून आलेल्या खालच्या-वरच्या मर्यादा ही यातली नेहमीची हत्यारे. पाऱ्यासाठी या मर्यादा सुक्या गाळात किलोमागे ०.१५ आणि ०.७१ मिलिग्रॅम आहेत. खालच्या आकड्याखाली जीवांना अपाय क्वचित, वरच्याच्या पुढे वारंवार, असा त्यांचा अर्थ. फायदा उघड आहे. कमी खर्चात अनेक ठिकाणांची तुलना करता येते आणि कुठे आधी लक्ष द्यायचे ते कळते.

दुसऱ्या गटाचा आक्षेप असा की एकूण धातू म्हणजे उपलब्ध धातू नव्हे. खनिजाच्या जाळीत अडकलेले क्रोमियम हजार वर्षे तसेच राहील, पण कणाला हलकेच चिकटलेले कॅडमियम पाणी जरा खारट झाले की सुटेल. म्हणून १९७९ मध्ये टेसियर आणि सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने सौम्य ते तीव्र द्रावणे वापरून धातूचे पाच हिस्से वेगळे करण्याची रीत दिली. ती वेळखाऊ आहे आणि द्रावणे नेमका तोच हिस्सा सोडवतात का यावरही वाद आहे, तरी धोक्याच्या प्रश्नाला ती जवळची.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या वादाला एक खास स्थानिक पदर आहे. इथला गाळ सह्याद्रीच्या बेसाल्टचा. या काळ्या पाषाणात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त. तांब्याची अमेरिकी खालची मर्यादा ३४ मिलिग्रॅम आहे आणि डेक्कनच्या बेसाल्टात तांबे बहुधा शंभराच्या पुढे असते. म्हणजे एकही कारखाना नसलेल्या कोकणातल्या खाडीचा गाळही कागदावर ‘प्रदूषित’ ठरू शकतो. पार्श्वभूमी म्हणून जगाच्या कवचाची सरासरी धरली की तांबे-निकेलची जोखीम फुगते, तर पाऱ्याचे आणि कॅडमियमचे खरे संकट त्या गर्दीत मागे पडते. हाकानसन यांचे गुणांक तर स्वीडनच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी बेतलेले. ते उष्ण प्रदेशातल्या, दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या खाऱ्या चिखलाला कितपत लागू पडतात, हे तपासल्याशिवाय वापरणे योग्य नाही. स्थानिक, औद्योगिक काळापूर्वीच्या खोल थरांतला गाळ पार्श्वभूमी म्हणून धरावा, हा उपाय अनेक अभ्यासकांनी स्वीकारला आहे. सगळ्यांनी नाही.

गाळातून ताटात

माणसाला धोका पोहोचण्याच्या वाटा दोन. एक थेट: चिखलात उतरणाऱ्यांची त्वचा, हातातोंडाशी येणारी माती. अनेक शोधनिबंध हा धोका दूषित जमिनीसाठी तयार केलेल्या अमेरिकी सूत्राने काढतात आणि मूल रोज २०० मिलिग्रॅम माती गिळते असे धरतात. ओहोटीच्या ओल्या गाळाला हे गृहीतक कसे लागू करायचे याचे समाधानकारक उत्तर त्यांत मिळत नाही. दुसरी आणि मोठी वाट मासळीची. तिथे प्रत्येक धातूची चाल वेगळी आहे.

पारा हा एकच असा की जो अन्नसाखळीत वर चढताना वाढत जातो. प्राणवायू नसलेल्या चिखलातले सल्फेटवर जगणारे आणि त्यांच्या जातीचे इतर काही जीवाणू असेंद्रिय पाऱ्याला मिथाइल गट जोडतात. या कामाला लागणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये ओळखली गेली. मिथाइल मर्क्युरी मांसातल्या प्रथिनाला धरून बसते, त्यामुळे शिजवून, तळून किंवा रस्सा काढून टाकून ते जात नाही. मांदेली, तारली, बोय अशा खालच्या पायरीवरच्या माशांत ते थोडे, तर मुशी, कुपा अशा शिकारी माशांत अधिक. कॅडमियमची गोष्ट उलटी. ते मांसात कमी आणि शिंपल्यांत, माकुलाच्या आतल्या ग्रंथीत, चिंबोरीच्या पिवळ्या भागात जास्त असते. माणसाच्या मूत्रपिंडात गेले की दशकानुदशके राहते. शिशाला सुरक्षित पातळी सांगता येत नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने २०१० मध्ये त्याची पूर्वीची सह्य मर्यादाच मागे घेतली. आर्सेनिक मासळीत भरपूर सापडते, पण त्याचा बहुतांश भाग आर्सेनोबीटाइन या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असतो. एकूण आर्सेनिक मोजून कर्करोगाचा धोका काढणारे निबंध त्यामुळेच कच्चे ठरतात.

मग कमी मात्रेतला पारा वर्षानुवर्षे खाल्ला तर काय होते? यावर दोन बेटांवरून गाजलेला वाद अजून पुरता मिटलेला नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा माग ठेवला गेला. तिथल्या माता पायलट व्हेलचे मांस खात. मुले सात वर्षांची झाल्यावर भाषा, लक्ष, स्मरण यांच्या चाचण्यांत आईच्या पाऱ्याशी संबंधित घट दिसली. हिंदी महासागरातल्या सेशेल्सवर १९८९-९० मध्ये ७७९ माय-लेकरांचा असाच अभ्यास सुरू झाला. तिथल्या बायका आठवड्याला सरासरी बारा वेळा मासे खात, आणि तिथे अशी घट आढळली नाही. व्हेलच्या मांसात पाऱ्याबरोबर इतर विषे होती, सेशेल्सच्या मासळीतले सेलेनियम आणि ओमेगा-३ संरक्षण देत असावे, चाचण्या वेगळ्या होत्या, अशी अनेक स्पष्टीकरणे पुढे आली. अमेरिकेने फेरोवर भर देऊन दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. संयुक्त समितीने दोन्ही अभ्यास धरून २००३ मध्ये आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम ठरवले.

हे आकडे स्वयंपाकघरात आणून पाहिले की त्यांचे वजन कळते. ५० किलो वजनाच्या बाईसाठी संयुक्त समितीची मर्यादा आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम, अमेरिकेची ३५. माशात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम मिथाइल मर्क्युरी असेल, तर पहिल्या हिशेबाने आठवड्याला ८०० ग्रॅम मासळी चालते, दुसऱ्याने ३५०. भारतात बहुतेक माशांसाठी पाऱ्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. मासा नेमका त्या मर्यादेवर असेल आणि त्यातला सारा पारा मिथाइल रूपात असेल, तर हेच प्रमाण १६० आणि ७० ग्रॅमवर येते, म्हणजे एका जेवणातला तुकडा. आठवड्यातून एकदा मासे आणणाऱ्या घराला ही मर्यादा पुरते. रोज दोन्ही वेळा कालवण असणाऱ्या कोळीवाड्यातल्या घराला ती पुरत नाही. बाजारात कायदेशीर ठरलेला मासाही रोज खाणाऱ्यासाठी वेगळाच हिशेब मागतो. मुंबईच्या खाड्यांवरच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो, आणि तो मध्यवर्ती असायला हवा.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. त्याच दोन जागतिक संस्थांच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये निष्कर्ष काढला की बहुतेक परिस्थितीत गर्भवतीने मासे खाण्याचा बाळाच्या मेंदूला होणारा फायदा पाऱ्याच्या धोक्याहून मोठा आहे. भीतीने मासळी सोडून कोळणीने मुलाला बिस्किटे दिली, तर नुकसान निश्चित आहे आणि फायदा संशयास्पद.

उपसायचा की राहू द्यायचा

दूषित गाळाचे करायचे काय, यावर तीन मते आहेत. उपसून काढा, वरून झाका, किंवा हात न लावता स्रोत बंद करून नव्या गाळाखाली पुरला जाऊ द्या.

मिनामाताने पहिला मार्ग धरला. किलोमागे २५ मिलिग्रॅमहून जास्त पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ १९७७ ते १९९० या काळात हाताळून ५८ हेक्टर भराव केला गेला. उपसागराच्या तोंडाशी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेले जाळे १९९७ मध्ये काढले. नॉर्वेच्या फेडये बेटाजवळ ‘यू-८६४’ ही जर्मन पाणबुडी फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे ६७ टन पारा घेऊन बुडाली. ती २००३ मध्ये सापडली. तेव्हापासून ती वर काढावी की वाळू-दगडाखाली गाडावी यावर त्या श्रीमंत, सुसज्ज देशातही दोन दशके खल चालला. वर काढताना गाळ ढवळला तर पारा पसरेल, गाडला तर पुढच्या पिढ्यांवर पहारा द्यायची जबाबदारी. उतार घसरू नये म्हणून २०१६ मध्ये तिथे भराव टाकला गेला.

ठाण्याच्या खाडीत गाळ उपसण्याचा प्रस्ताव शुद्धीकरणाच्या नावाने क्वचित येतो, पण गाळ हलवण्याची कामे सतत चालू असतात. बंदराचे मार्ग खोल ठेवावे लागतात. शिवडीच्या चिखलातून जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. खाडीबाहेर, किनाऱ्यावरच्या वाढवण बंदरालाही जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. काळा, प्राणवायूहीन गाळ हवेला लागला की सल्फाइडे मोडतात आणि त्यांनी धरलेले कॅडमियम, जस्त, तांबे पाण्यात सुटू शकतात. अभियंत्यांचे म्हणणे असे की परिणाम काही दिवसांचा आणि थोड्या परिसरापुरता असतो, कारण सुटलेले धातू लोहाच्या ऑक्साइडवर पुन्हा लगेच बसतात. मच्छीमार संघटनांचे म्हणणे असे की ते ‘काही दिवस’ नेमके अंडी घालण्याच्या हंगामात आले तर नुकसान वर्षाचे होते. दोन्ही म्हणण्यांना आधार आहे. प्रत्येक कामाआधी आणि नंतर त्याच जागेच्या गाळातला उपलब्ध धातू मोजून अहवाल खुला ठेवला, तर हा वाद पुराव्यावर येईल.

पाण्यासाठी किनाऱ्यावर एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे वर्ग ठरलेले आहेत, कारखान्याच्या नळातल्या पाऱ्याला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गाळाबाबत मात्र भारतीय अभ्यासक अमेरिका-कॅनडाचीच मानके उसनी घेतात. बेसाल्टच्या किनाऱ्याला आणि ओडिशाच्या किनाऱ्याला वेगळी मानके हवीत, यावर तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. ती ठरवायची कुणी आणि कशाच्या आधारे, इथे काम अडते.

माणसांचे मोजमाप

गाळाचे मोजमाप मुबलक झाले. मासळीचे बऱ्यापैकी झाले. मासळी खाणाऱ्या माणसांचे मोजमाप त्या मानाने तुरळक आहे. मिथाइल मर्क्युरीसाठी ते अवघडही नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा नोंदवत जातो. मुळापासून कापलेली चिमूटभर बट काही महिन्यांचा आहार सांगते. खाडीकाठच्या आणि खुल्या समुद्राच्या कोळीवाड्यांतले नमुने शेजारी ठेवले, तर खाडीच्या गाळाचा वाटा किती आणि मोठ्या शिकारी माशांचा किती, हे वेगळे करता येईल. आज दोन्ही एकाच भीतीत मिसळले आहेत. खुल्या समुद्रातल्या कुप्यातला पारा ठाण्याच्या गाळातून आलेला नसतो. तो जगभरच्या कोळशाच्या धुरातून आणि सोन्याच्या खाणींतून आलेला असतो.

मच्छीमारांची धास्तीही समजून घ्यायला हवी. खाडीच्या मासळीत विष अशी एक बातमी आली की दुसऱ्या दिवशी भाव पडतो, आणि पडतो तो कारखानदाराचा नव्हे, टोपली घेऊन बसलेल्या बाईचा. त्यामुळे नमुने द्यायला नकार मिळतो आणि माहिती आणखी तोकडी राहते. ज्यांच्या केसांचे आणि ताटाचे मोजमाप करायचे, त्यांना निकाल आधी आणि त्यांच्या बोलीत सांगायचा, एवढी शिस्त पाळली तर ही गाठ सैल होऊ शकते.

माहितीची ही पोकळी कशाने भरते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या अन्न आणि पर्यावरण खात्यांनी गर्भवतींसाठी मासळीचा तीन गटांचा तक्ता केला आहे. त्यात ‘टाळा’ या गटात शार्कबरोबर किंग मॅकरेल आहे. तिथला तो मासा मेक्सिकोच्या आखातातला, आपल्या सुरमईचा भाऊबंद. तो तक्ता मोबाइलवर वाचून दादरची एखादी गर्भवती सुरमई सोडते. त्याच वेळी कोकणात आणि गोव्यात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे, मोरीचे कालवण आग्रहाने दिले जाते. ही मुशी बहुधा लहान वाणाची किंवा पिल्लांची असते, तिच्यात मोठ्या शार्कइतका पारा साठलेला नसतो, आणि वारेतून जातो तितका पारा दुधातून जात नाही. त्यामुळे प्रथा घातक आहे असे म्हणता येत नाही. निर्धास्त आहे असेही नाही, विशेषतः पाच-सात किलोच्या मुशीचे तुकडे घरात येत असतील तर.

आपल्या बाजाराचा असा तक्ता करायचा तर त्यात बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी, बोय, निवट्या, जिताडा, शिंगाळा, घोळ, सुरमई, कुपा, मुशी ही नावे लागतील, आणि प्रत्येकापुढे दोन रकाने: खाडीतला आणि समुद्रातला. भाऊच्या धक्क्यावरून आणि खाडीकाठच्या बाजारांतून पावसाळा धरून वर्षभर नमुने घ्यावे लागतील. मुंबईतच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे केंद्र आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, ट्रॉम्बेला भाभा केंद्र आहे. कुठला मासा कुठल्या पाण्यातला, हे बाजारात बसलेल्या कोळणी सांगतील.